फोटोत दरी, खिडकीबाहेर मातीचा कडा: स्वस्त हॉटेलात नेमकं कुठे फसलं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही दोघं आणि दोन मुलं, एक सात वर्षांचं, एक अकरा, पुण्याहून महाबळेश्वरला गेलात. ॲपवर एका रात्रीचे १,६०० रुपये अधिक कर, अशा दोन रात्रींचे पैसे आधीच भरले. फोटोत दरीकडे उघडणारी खिडकी होती. पसरणी घाटात गाड्या तुंबल्या आणि पोचायला रात्रीचे साडेनऊ वाजले. मिळाली ती तळमजल्यावरची मागची खोली. खिडकीबाहेर दोन हातांवर मातीचा कडा, पलंगामागे भिंतीला ओल, उशीच्या अभ्र्यावर कुणाचे तरी केस, गरम पाणी फक्त सकाळी सात ते आठ, आणि वर मुलांचे म्हणून सहाशे रुपये रोख. मॅनेजर म्हणाला, "पैसे ॲपनं घेतलेत, त्यांच्याशी बोला." ॲपवाले म्हणाले, "हॉटेलनं मान्य केलं तर परत देऊ." दुसऱ्या दिवशी सकाळीच तुम्ही निघालात आणि दुसऱ्या रात्रीचे पैसे बुडाले. तुम्ही विचारलंय, "स्वस्तात गेलो हीच चूक का? आणि आता काही करता येईल का?"

मी या धंद्यात बावीस वर्षं आहे. कोल्हापुरात एस.टी. स्टँडजवळच्या लॉजवर रात्रपाळीच्या काउंटरपासून सुरुवात केली, मधले चार हंगाम पाचगणी-महाबळेश्वरला मॅनेजरकी केली, आता स्वतःचं अठरा खोल्यांचं लॉज आहे. म्हणजे तुम्हाला ज्यानं "ॲपशी बोला" म्हणून वाटेला लावलं, त्या खुर्चीत मी बसलेलो आहे. त्यामुळे पुढचं काही आमच्या धंद्याला फारसं भूषणावह नाही, पण आहे ते सांगतो.

आधी एक गोष्ट वेगळी करू. तुमच्या तक्रारी एकाच पिशवीत भरलेल्या आहेत आणि म्हणूनच तिकडे कुणी ऐकलं नाही. चार गोष्टी अशा, की खोली पाचशेची असो वा पाच हजारांची, त्या मिळाल्याच पाहिजेत: धुतलेली चादर आणि अभ्रा, नळाला पाणी, आतून नीट लागणारी कडी, आणि ढेकूण नसणं. यात घासाघीस नाही. बाकीचं, म्हणजे देखावा, चोवीस तास गरम पाणी, टॉवेलचा मऊपणा, टीव्ही, हे पैशावर आणि हंगामावर अवलंबून. अभ्र्यावरचे केस पहिल्या गटातले, त्याला माफी नाही. तासभर गरम पाणी दुसऱ्या गटातलं. ते चालू शकतं, पण आधी सांगायला हवं होतं. खिडकीचं प्रकरण तिसरंच, ती फोटोची फसवणूक आहे. ओलीबद्दल पुढे बोलतो.

स्वस्त म्हणजे घाण असा नियम नाही. शेगावला संस्थानच्या भक्तनिवासात राहून आलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. अर्थात तिथे सेवेकऱ्यांची फौज आहे, आमच्याकडे अठरा खोल्यांना दोन रूम बॉय आणि एक मावशी. तरीही दिवसाला अभ्रे बदलायला फौज लागत नाही. कपाटात अभ्रे असावे लागतात. हॉटेलात प्रत्येक पलंगामागे चादर-अभ्र्यांचे तीन जोड हवेत: एक पलंगावर, एक धोब्याकडे, एक कपाटात. लहान हॉटेलं दोन जोडांवर, कधी दीडवर चालतात. एरवी ते खपतं. दिवाळीत सगळ्या खोल्या रोज रिकाम्या होऊन रोज भरतात, धोबी एक दिवस उशीर करतो, आणि मग रूम बॉय वापरलेला अभ्रा उलटा करून चढवतो. तुम्हाला दिसलेले केस तिथून आले. अभ्रा उलटा आहे का हे शिवणीवरून कळतं. शिवणीचे दोरे बाहेर दिसले की समजायचं.

आता मुख्य मुद्दा. फोटोतली खोली त्या हॉटेलात बहुधा खरंच आहे. ती तुम्हाला मिळाली नाही, इतकंच.

प्रत्येक हॉटेलात एक खोली अशी असते की ती सगळ्यात शेवटी विकली जाते. माझ्याकडे ती १०४ होती. जिन्याला लागून, वर पाण्याची टाकी, पहाटे पाचला मोटर सुरू झाली की पलंगापर्यंत धडधड. हाऊसफुल्ल दिवशी १०४ कुणाला द्यायची हे मी ठरवायचो, आणि कसं ठरवायचो ते ऐका. दुपारी थेट आलेलं गिऱ्हाईक आधी खोली बघतं, मग पैसे काढतं. त्याला १०४ दाखवली तर तो समोरच्या लॉजवर जाणार. जुना गिऱ्हाईक फोन करून "मागच्या वेळचीच द्या" म्हणतो, त्याला दुखवायचं नाही. उरतो तो ॲपवरून आधीच पैसे भरलेला, सगळ्यात कमी दराचा आणि सगळ्यात उशिरा येणारा माणूस. रात्रीचे दहा, कडेवर झोपलेलं पोर, बायको गाडीत. तो कुठे जाणार? किल्ली त्याच्या हातात. तुमच्या बाबतीत तिन्ही गोष्टी जुळून आल्या. तुमची चूक म्हणायची तर स्वस्त खोली घेतली ही नव्हे. रात्री साडेनऊला, पैसे भरून, आधी एकही फोन न करता पोचलात, ही.

मालकाची बाजूही सांगतो. १,६०० मधले माझ्याकडे ॲपचं कमिशन वीस टक्के, म्हणजे ३२०, आणि त्या कमिशनवर पुन्हा अठरा टक्के जीएसटी. हातात बाराशेवीसच्या आसपास. त्यात धुलाई, वीज, पगार, टाकीत पाणी कमी पडलं तर टँकर. थेट आलेला तेच १,६०० पूर्ण देतो. मग चांगली खोली कुणाला जाईल? हे योग्य आहे असं मी म्हणत नाही, असं होतं असं म्हणतोय. आणि ॲपवर "फक्त १ खोली शिल्लक" असं लाल अक्षरांत दिसलं ना, तेही कळून घ्या. आम्ही ॲपला दोन-तीन खोल्यांचा कोटा देतो. त्यातली एक उरली की ती पाटी लागते. हॉटेलात तेव्हा दहा खोल्या रिकाम्या असू शकतात.

ओलीचं म्हणाल तर दिवाळीत महाबळेश्वरला तळमजल्याची मागची भिंत कोरडी मिळणं हीच नवलाई. जून ते सप्टेंबर तिथे पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो. डोंगर कापून बांधलेल्या इमारतीत मागच्या भिंतीला माती टेकलेली असते, त्यातलं पाणी भिंतीत झिरपत राहतं, आणि जांभा तर पाणी पिणाराच दगड. भिंत खरी वाळायला डिसेंबर उजाडतो. पण हंगाम दिवाळीला सुरू होतो, म्हणून ओल्या भिंतीवरच रंगाचा हात मारतात. पंधरा दिवसांत पोपडे. मीही मारलाय तो हात, मालकानं सांगितलं म्हणून. तेव्हा थोडी ओल ही त्या जागेची आणि महिन्याची गोष्ट आहे. गादीपर्यंत पोचलेली ओल मात्र खपवून घेऊ नये. गादीच्या डोक्याकडच्या बाजूला, भिंतीलगत, तळवा दाबून धरायचा. गार लागेल, ते चालतं. हात दमट झाला तर खोली बदलायची.

गरम पाण्याचं गणित साधं आहे. गीझर दोन किलोवॅटचा धरला तर वीस खोल्यांचे एकदम चालू झाले की चाळीस किलोवॅट. लहान हॉटेलाचा मंजूर भार एवढा क्वचित असतो, म्हणून वेळ ठरवतात, कधी मजल्यामजल्यानं सोडतात. खोलीतला पंधरा लिटरचा गीझर म्हणजे विसण घालून जेमतेम दीड बादली, आणि तो पुन्हा तापायला पंधरा-वीस मिनिटं. चौघांच्या आंघोळीला तास पुरतो, पण एकामागून एक, आणि मोठ्यानं आधी अर्धा तास शॉवर घेतला नाही तर. सोलर असेल तर वेगळाच प्रकार. टाकी गच्चीवर, तुमची खोली तळमजल्यावर, तर मधल्या पाइपातलं गार पाणी संपेपर्यंत दोन बादल्या वाहून जातात. लोक एक मिनिट नळ सोडतात, गार लागतं, काउंटरवर येऊन भांडतात. पाणी वरून निघालेलं असतं, पोचलेलं नसतं.

आता त्या रात्री काय करता आलं असतं. किल्ली हातात आल्यापासून पहिली पंधरा मिनिटं तुमची असतात. बॅगा उघडल्या, मुलं आडवी झाली, बाथरूम वापरलं की ती खोली "लागली". मग बदलून द्यायची तर रूम बॉयला पुन्हा झाडायची, पुन्हा चादर घालायची, आणि कपाटात चादर नाही हे तुम्ही वर वाचलंतच. म्हणून एकानं आत जायचं, बाकीच्यांनी सामानासकट बाहेर थांबायचं. गादीचा कोपरा उचलून शिवणीत मोबाईलचा उजेड मारायचा. बॉलपेनानं टिंबं दिल्यासारखे काळपट ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. तिथून सामानही आत न नेता मागे फिरायचं, नाहीतर ते बॅगेतून पुण्याला येतात. अभ्रा आणि चादर बघायची, नळ सोडायचा, कडी लावून बघायची, खिडकी उघडायची. बस्स.

बाथरूममधून गटाराचा वास आला तर लगेच घाबरू नका. सोलापुरात एका लग्नाला गेलो होतो, रात्री खोलीत शिरलो तर नाक धरायची वेळ. रूम बॉयनं सुगंधी फवारा मारला, वास दुप्पट झाला. मी त्याला म्हटलं, "बादलीभर पाणी आण." त्याला वाटलं साहेब आंघोळ करणार. मी ती बादली फरशीच्या जाळीवर ओतली. दहा मिनिटांत वास गेला. जाळीखाली वाटीसारखा भाग असतो, त्यात साचलेलं पाणी गटाराचा वास अडवतं. खोली आठ-पंधरा दिवस बंद राहिली की ते पाणी सुकतं आणि वास, झुरळं, सगळं वर येतं. तो पोरगा नंतर सगळ्या बंद खोल्यांत बादल्या ओतत फिरत होता.

काही नापसंत असेल तर काउंटरवर काय मागायचं, हे सगळ्यात महत्त्वाचं. रात्रीच्या माणसाला पैसे परत द्यायचा अधिकार नसतो. ॲपनं घेतलेले पैसे त्याच्या गल्ल्यात आलेलेच नसतात. "ॲपशी बोला" यात तेवढं खरं असतं. त्याच्या हातात असतं ते म्हणजे दुसरी खोली, धुतलेल्या चादरी, जादा पांघरूण, उशिरा चेकआउट, मुलांचे पैसे सोडणं. तेच मागायचं. "तुमचं हॉटेल भिकार आहे, पैसे परत द्या" म्हटलं की तो हात वर करतो. "आजची रात्र काढतो, पण चादर आणि चारही अभ्रे माझ्यासमोर बदला, आणि उद्या अकराला वरच्या मजल्यावरची खोली रिकामी होईल ती आम्हाला, एवढं रजिस्टरात लिहा" म्हटलं तर दहातले सात जण लिहितात. सकाळी चेकआउट होतात, चांगल्या खोल्या मोकळ्या होतात. दुसऱ्या रात्री तुम्हाला ती दरीची खिडकी मिळायची बरीच शक्यता होती. तुम्ही रागानं निघालात, मला राग समजतो, पण चांगली खोली मिळण्याची वेळ आणि तुमची निघायची वेळ एकच होती.

मुलांच्या सहाशेबद्दल मला ठाम सांगता येणार नाही, ते तुमच्या व्हाउचरवर अवलंबून आहे. बुकिंग करताना "दोन मोठे, दोन मुलं" आणि वयं भरली असतील आणि व्हाउचरवर ती छापली असतील, तर जादा मागायचा हॉटेलला हक्क नव्हता. दर कमी दिसावा म्हणून नुसतं "दोन मोठे" भरलं असेल, तर हॉटेलचं म्हणणं रास्त. बरेच जण तसं करतात. दोन्ही बाबतींत पावती मात्र मिळायलाच हवी होती.

आता काय करता येईल? पहिलं, जे आहे ते गोळा करा: व्हाउचर, खोलीचे फोटो (मोबाईलमध्ये वेळ नोंदलेली असते, ते मूळ फोटो पुसू नका), ॲपवरच्या त्या खिडकीच्या फोटोचा स्क्रीनशॉट, ॲपच्या माणसाशी झालेलं चॅट. स्क्रीनशॉट आजच काढा, फोटो बदलले जातात. करही तपासा. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के जीएसटी आहे, आधी १२ होता. १,६०० वर ८० रुपये. "कर व शुल्क" म्हणून याहून जास्त घेतलं असेल तर वरची रक्कम कशाची, हे विचारा.

मग ॲपच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर डोकं फोडण्यापेक्षा त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. नाव-पत्ता ॲपवरच असतो, तो देणं त्यांना बंधनकारक आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करावं लागतं. ईमेलमध्ये राग नको. तारीख, बुकिंग क्रमांक, खोली क्रमांक, फोटोत काय होतं आणि काय मिळालं, कुणाला किती वाजता सांगितलं, आणि रक्कम: "दुसऱ्या रात्रीचे १,६०० अधिक कर, आणि विनापावती घेतलेले ६००." रक्कम लिहिली नाही तर उत्तरात पुढच्या बुकिंगचं कूपन येतं.

त्यानं भागलं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. माझ्या अनुभवात आमच्यासारख्यांकडे तिथून विचारणा आली की मालक दोन हजारांसाठी ताणत बसत नाही, देऊन मोकळा होतो. त्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्हाला पुण्यातच तक्रार करता येते, साताऱ्याला खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. फोटो एक आणि खोली दुसरी, ही सेवेतील त्रुटी म्हणून मांडता येते. पण बाविसशे रुपयांसाठी तारखा करायच्या का, हे तुमच्या वेळेवर आणि जिद्दीवर. मी असतो तर १९१५ पर्यंत गेलो असतो आणि तिथे थांबलो असतो. एक कच्चा दुवाही सांगून ठेवतो: तुम्ही खोली बदलून मागितली होती का, हे तुमच्या प्रश्नात नाही. मागितली नसेल तर समोरचा म्हणणार, "आम्हाला संधीच दिली नाही." चॅटमध्ये किंवा मेसेजमध्ये तसं एखादं वाक्य असेल तर ते शोधून वर लावा.

अभिप्राय जरूर लिहा, पण खोली क्रमांकासह. "अत्यंत वाईट अनुभव" हे मालक वाचतही नाही. "खोली १०४, पहाटे पाचला मोटरचा आवाज" असं तीन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं, तेव्हा मी ती खोली विकायची बंद केली. आता तिथे चादरी ठेवतो.

पुढच्या वेळी तुम्हीही अभिप्राय तसेच वाचा. एकूण तारे बघू नका. मागच्या दोन-तीन महिन्यांतले सगळ्यात वाईट अभिप्राय आणि पाहुण्यांनी काढलेले फोटो बघा. मे महिन्यातलं कौतुक ऑक्टोबरात कामाचं नाही, मधे पावसाळा होऊन गेलेला असतो. एकच तक्रार दोघातिघांनी केली असेल तर ती खरी. मग जायच्या आदल्या दिवशी थेट हॉटेलला फोन करा, ॲपच्या नंबरवर नको. वेळ दुपारी चारची. सकाळी दहा ते एक आम्ही चेकआउट आणि चेकइनच्या गर्दीत असतो, फोन कानाला लावून "हो हो" म्हणतो आणि विसरतो. चारला माणूस निवांत असतो आणि उद्याच्या खोल्यांचा तक्ता त्याच्यासमोर उघडा असतो. विचारा: कुठल्या मजल्यावरची देणार, खिडकीबाहेर काय आहे, गरम पाणी गीझरचं की सोलरचं आणि किती ते किती, मुलांचे जादा किती. आणि "आम्हाला घाटात उशीर होईल, पण येणार नक्की, वरची खोली ठेवा" एवढं सांगून तेच त्याच्या व्हॉट्सॲपवर लिहून टाका. तो "ओके" म्हणेल. त्या तक्त्यावर तुमचं नाव पेन्सिलीनं का होईना, वरच्या मजल्याच्या रकान्यात जातं, आणि रात्री साडेनऊला मागची खोली दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला येते.